दोनशे एकेचाळीस नंबराचे तीन धनी

डिसेंबरातल्या त्या सकाळी सव्वासातला जिनिंगवरून गोपालचा फोन आला, तेव्हा नौशाद दुकानापुढं पाणी शिंपडत होता.

"नौशादभाई, सर्व्हर चालू हाय, पण आतलं काहीच उघडून नाही राह्यलं."

"काल उघडत होतं?"

"काल तं एक नंबर."

"मंग काल काय केलं?"

"तुम्ही आधी या ना लवकर," गोपाल म्हणाला. कॉम्प्युटरच्या धंद्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला असल्या उत्तराचा अर्थ कळतो. नौशादनं बादली आत ठेवली, अर्धं शटर ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली.

घाटंजीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत नौशादचं दुकान. पुढं झेरॉक्स, मागं दुरुस्ती. वय चौतीस. त्याचे वडील सरदार डिझेल इंजिनाचे मिस्त्री. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेलेली. नौशादनं इंजिनाऐवजी कॉम्प्युटर धरला. यवतमाळात वर्षभराचा कोर्स केला, मग वणीला एका वाहतूक कंपनीत लागला. राजूरकडून कोळसा घेऊन येणारे ट्रक वजनकाट्यावर चढायचे, त्या काट्याला जोडलेले कॉम्प्युटर तो सांभाळायचा. कोळशाची भुकटी पंख्यात बसायची आणि कॉम्प्युटर तापून बंद पडायचे. पाच वर्षांनी तो गावी परतला. इथं भुकटीऐवजी रुई होती, एवढाच फरक.

कापसातली सरकी काढणाऱ्या गावाबाहेरच्या सहकारी जिनिंगचा सर्व्हर त्यानंच बसवलेला. सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. टेबलाखाली ठेवलेला एक साधा कॉम्प्युटर, त्याच्यावर मलमलचं फडकं, आणि आत एक डेटाबेस. त्या डेटाबेसमध्ये कापूस घेऊन येणाऱ्यांची रांग होती.

ते २०१४ साल. बोंडं कमी लागली होती आणि खुल्या बाजारातले व्यापारी हमीभावाच्या खालीच बोलत होते. त्यामुळे ज्याच्या घरात कापूस होता त्या प्रत्येकाला तो हमीभावाच्या केंद्रावरच द्यायचा होता, आणि हे केंद्र होतं त्या जिनिंगला दिवसाला सत्तर गाड्यांपेक्षा जास्त झेपत नव्हत्या. आधी चिठ्ठ्या वाटल्या जात. चिठ्ठी एकाच्या नावाची, गाडी दुसऱ्याची, असं सर्रास चाले. ज्याचा ट्रॅक्टर दांडगा तो फाटकाशी, बैलगाडीवाला पार नाल्यापर्यंत मागं. तीन वर्षांपूर्वी संचालकांच्या सभेत नौशाद उभा राहून म्हणाला होता, "चिठ्ठीच नका देऊ. नाव लिहून घ्या, नंबर कॉम्प्युटरात राहू द्या. रोज सकाळी सत्तर नावं छापा, फाटकावर लावा, भोंग्यावर वाचा. ज्याचं नाव वाचलं त्याचीच गाडी आत." सभेत एकानं विचारलं होतं, "अन् कॉम्प्युटर बंद पडला तं?" नौशादनं सांगितलं होतं, "मी हाय ना."

त्या "मी हाय ना"वर तीन हंगाम चालले होते.

जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागलेली होती. सगळ्यात पुढं एक बैलगाडी, बैल सोडलेले, आणि वर कापसाच्या ढिगावर लालीबाई बसलेली. तांड्यावरची, पन्नाशीची, नवऱ्याच्या माघारी शेती स्वतः पाहणारी. काल यादी दोनशे चाळीसवर थांबली होती. आज पहिलं नाव तिचं.

"भाऊ, वाचतीन ना आज नावं? माहा दोनशे एकेचाळीस हाय. काल मुक्कामालेच आली मी."

"वाचतो ना, बाई."

"तू वाचतो म्हणून कसं? तो भोंग्यावर आताच बोंबलला का कॉम्प्युटर बिघडला म्हणून."

गोपालनं ही घाई करायला नको होती. बातमी पसरायला दहा मिनिटं पुरली. आपला नंबर सगळ्यांना पाठ होता, पण पाठ असलेल्या नंबराला पुरावा फक्त आतल्या कॉम्प्युटरात. नौशाद मोटरसायकल लावत होता तेवढ्यात दोनशे एकेचाळीस नंबराचे आणखी दोन धनी निघाले. एक टोपीवाला बैलगाडी घेऊन, दुसरा ट्रॅक्टरवाला.

ट्रॅक्टरवाल्याला लालीबाईनं वरूनच विचारलं, "काल तं तू मले चारशे अकरा सांगत होता. रातीतून एवढ्या पायऱ्या उतरला, पाय नाही दुखले का रे?"

लोक हसले. ट्रॅक्टर मात्र जागचा हलला नाही.

आत घनश्यामजी खुर्चीवर ताठ बसले होते. जिनिंगचे मॅनेजर, सव्वीस वर्षं याच खुर्चीत. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत. त्यांच्यापुढं लाल कापडी पुठ्ठ्याची एक कोरी वही होती, आणि तिच्या पहिल्या पानावर पट्टीनं रकाने आखून झाले होते.

"नौशाद, दहाले काटा चालू करतो मी," ते म्हणाले. "तुही यादी आली तं यादीवर. नाही आली तं फाटकापासून नवे नंबर टाकतो."

"काकाजी, नवे नंबर टाकले तं जे घरी वाट पाहून राह्यले त्यायचं काय? चारशेच्या वर लोक हायेत."

"मले माहीत हाय. पण बाहेर डोकी फुटली तं पोलिसाले यादी दाखवू का तुहा कॉम्प्युटर?"

त्यांचं चूक नव्हतं. चूक नसलेल्या माणसाशी भांडता येत नाही. नौशाद टेबलाखाली वाकला.

गोपाल, जिनिंगचा ऑपरेटर, दोन लेकरांचा बाप, तोवर स्वस्थ बसला नव्हता. मोबाइलवर शोधून त्यानं एक उपाय काढला होता, डेटाबेसचं फोल्डर पुसा आणि सगळं नव्यानं बसवा. हुकूम टाइप करून झाला होता. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

"हात काढ," नौशाद म्हणाला.

"नाही, मी म्हटलं तुम्ही येईपर्यंत..."

"गोपाल, हात काढ तिथून."

गोपालनं हात काढला. नौशादनं तो हुकूम पुसला, सर्व्हर बंद केला आणि टेबलावरची छोटी काळी डिस्क सोडवून हातात घेतली. सगळी रांग या डिस्कमध्ये होती. जिनिंगमध्ये तिला डबी म्हणत.

डबी वेगळी ठेवण्यामागं या जागेची एक जुनी रीत होती. रुई म्हणजे आगीला निमंत्रण. वीस वर्षांपूर्वी इथलं एक गोदाम पेटलं, तेव्हा दप्तरही त्यात गेलं. तेव्हापासून नियम झाला की काम संपलं की वही घरी जाते. कारकून बेबीताई रोज संध्याकाळी वह्या कापडी पिशवीत घालून घरी नेत आणि धान्याच्या कोठीवर ठेवत. कॉम्प्युटर आला तेव्हा घनश्यामजींनी एकच अट घातली होती. रांग कॉम्प्युटरात असो नाहीतर पाटीवर, रात्री ती जिनिंगमध्ये मुक्कामाला राहणार नाही. म्हणून नौशादनं डेटाबेसचं घर आतल्या डिस्कवरून या सुट्या डिस्कवर हलवलं. बेबीताई संध्याकाळी डबी काढून नेत, सकाळी आणून लावत. तीन वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

नौशादनं डबी आपल्या लॅपटॉपला जोडली आणि आधी तिची पूर्ण प्रत काढायला लावली. तीन हंगामांचे सातबारे स्कॅन करून त्यातच ठेवलेले. पडद्यावर वेळ आली, अडतीस मिनिटं.

"हे काय करून राह्यला?" घनश्यामजींनी विचारलं.

"नक्कल काढतो."

"दुरुस्ती कवा?"

"नक्कल झाल्यावर."

घनश्यामजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. आठ वाजत आले होते. नौशादच्या दुकानात एक जुनी प्रत होती, पण ती आठ दिवसांपूर्वीची. त्यानंतर दोनशे चौदा नावं लिहिली गेली होती. ती प्रत चढवायची म्हणजे त्या दोनशे चौदा जणांना सांगायचं की तुम्ही कधी आलाच नव्हता. त्या वाटेनं त्याला जायचं नव्हतं.

प्रत होईस्तोवर त्यानं सर्व्हर पुन्हा चालू केला आणि तो आपल्या बिघाडाची नोंद ठेवतो ती फाइल उघडली. डेटाबेस दर वेळी सुरू व्हायला जात होता आणि दर वेळी एकाच ओळीवर अडत होता. परवानगी नाही.

ही ओळ नौशादला कोड्यात टाकणारी होती. प्रत पूर्ण झाल्यावर त्यानं डबी परत लावली आणि एकेक तपासलं. फोल्डर जागेवर होतं. मालकी बरोबर होती. वाचायची, लिहायची मुभा होती. डिस्कवर जागा होती. पुन्हा सुरू करून पाहिलं. परवानगी नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. परवानगी नाही. नऊला दहा मिनिटं कमी होती, आणि बाहेर आवाज चढत होता.

तो मागच्या दारानं सरकीच्या ढिगाकडं गेला आणि वडिलांना फोन लावला. सरदार अडुसष्ट वर्षांचे. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. घरात बापलेक वऱ्हाडी वळणाची हिंदी बोलत.

"अब्बा, मशीन अच्छी, डिस्क अच्छी, सब अपनी जगा पे. फिर भी बोलता परवानगी नई."

"किसने हाथ लगाया था?"

"गोपालने कुछ किया कल. बताता नई."

"वो बाद में. पहले ये बता, मशीन कंपनी से आया वैसाच है, या तेरे हाथ का भी कुछ है उसमें?"

"मेरे हाथ का?"

"अरे, तूने कुछ घिसा, ठोका, एखादी चकती डाली. नया पार्ट बिठाते वक्त मिस्त्री सबसे पहले वोइच चकती फेंकता. उसको क्या मालूम, वो किसने कायको डाली."

नौशादनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लिख के रखा होगा ना?" सरदारांनी विचारलं.

सरदारांची एक सवय गावाला ठाऊक होती. कुठलंही इंजिन उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला ते ऑइल पेंटनं लिहीत, तारीख काय, काय बदललं, काय आपल्या मनानं बसवलं. गिऱ्हाइकं हसायची. नौशादही हसायचा.

"नई लिखा," तो म्हणाला.

"मंग याद कर," सरदार म्हणाले आणि फोन ठेवला.

सरकीच्या ढिगावर दोन चिमण्या टिपत होत्या. नौशादला तीन वर्षांपूर्वीचे दोन दिवस आठवले. डेटाबेस सुट्या डिस्कवर हलवला तेव्हाही तो असाच अडला होता, याच ओळीवर. दोन दिवस डोकं आपटून त्यानं कुठल्याशा फाइलीत दोन ओळी घातल्या होत्या आणि काम झालं होतं. काम झालं म्हटल्यावर तो घरी जाऊन जेवला होता. कुठली फाइल, कुठल्या ओळी, काहीच मागं ठेवलं नव्हतं.

तो आत आला आणि गोपालच्या शेजारी स्टुलावर बसला.

"हे पाय गोपाल. मी काकाजीले काही सांगत नाही. तुले रागावतबी नाही. काल संध्याकाळी काय केलं ते पयल्यापासून सांग."

घनश्यामजी सहा फुटांवर बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी गोपालनं सांगितलं.

डोंगल लावून त्यानं सर्व्हर इंटरनेटला जोडला होता. दोन वर्षं पडद्याच्या कोपऱ्यात निशाणी येत होती की अपडेट बाकी आहेत. काल गर्दी लवकर ओसरली, बेबीताई डबी घेऊन गेल्या, आणि हा म्हणाला चला, आज करून टाकू. चारशेच्या वर गोष्टी उतरल्या. सगळं नीट झालं. शेवटी दोन लाल ओळी आल्या.

"लाल ओळी आल्यावर तुले काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण डबी घरी गेलती. डबी नसली का रोजच लाल येते, भाऊ."

हे खरं होतं. इथं रोज संध्याकाळी डेटाबेस आपलं घर हरवून बसे, आणि रोज संध्याकाळी दोन लाल ओळी येत. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत त्या ओळी पाहून माणूस दचकला असता. गोपालनं कॉम्प्युटर बंद केला, फडकं झाकलं आणि घरी गेला.

"अन् मधात काही इचारलं त्यानं?"

गोपालनं आठवून पाहिलं. "हां, एक वेळा इचारलं. इंग्रजीत होतं. म्हणे ह्या फाइलीत कोणीतरी आपल्या हातानं बदल केला हाय. ते जुनं ठेवू का आमचं नवं टाकू."

"तू काय म्हटलं?"

"नवं."

"काहून?"

"म्हणजे काय भाऊ? नवं भेटत असल्यावर जुनं कोण मांगते?"

नौशाद हसला. त्या सकाळी पहिल्यांदाच. फाइलीत आपल्या हातानं बदल करणारा तो "कोणीतरी" त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता.

पुढचं अवघड नव्हतं. या कॉम्प्युटरात एक चौकीदार असतो. कुठल्या कामाला कुठल्या खोलीत जाऊ द्यायचं, याची यादी त्याच्याजवळ असते. डेटाबेसला त्याच्या नेहमीच्या खोलीत मुभा. पण डबी ही नेहमीची खोली नव्हती. तीन वर्षांपूर्वी नौशादनं चौकीदाराच्या यादीत हातानं लिहिलं होतं की यालाही येऊ दे. अपडेटनं काल त्या यादीच्या जागी कंपनीची नवी यादी ठेवली, आणि तिच्यात डबीचं नावच नव्हतं. दरवाजा उघडा होता, किल्ली बरोबर होती, आणि चौकीदार माणसाला ओळखत नव्हता.

आणि नवी यादी ठेवताना कॉम्प्युटरनं जुनी फेकली नव्हती. नावाला "जुनी" असं शेपूट लावून तिथंच शेजारी ठेवली होती. नौशादनं ती उघडली. खालून चौथी आणि पाचवी ओळ त्याची स्वतःची. स्वतःचं विसरलेलं अक्षर सापडावं तशा त्या दोन ओळी त्यानं वाचल्या, नव्या यादीत उतरवल्या, चौकीदाराला यादी पुन्हा वाचायला सांगितली आणि डेटाबेस सुरू केला.

या वेळी लाल काही आलं नाही.

"झालं?" घनश्यामजींनी विचारलं. घड्याळात नऊ चाळीस.

"थांबा." नौशादनं रांगेतली नावं मोजायला लावली. सहाशे अठ्ठेचाळीस. मग त्यानं बेबीताईंकडं पाहिलं. सकाळपासून त्या कोपऱ्यात रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, डबी आपल्याच हातून बिघडली या समजुतीनं. "बेबीताई, काल सगळ्यात शेवटी नाव कोणाचं लिवलं?"

"पूनमसिंगचं," त्या म्हणाल्या. "मी डबी काढाले हात लावला अन् तो पळत आला. त्याच्यापायी माही साडेपाचची गाडी चुकली."

सहाशे अठ्ठेचाळीसवर पूनमसिंगच होता.

"बेबीताई, डबी धडधाकट हाय," नौशाद म्हणाला. "अन् गोपाल, छाप."

यादी फाटकावर लागली तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. नौशाद सहसा भोंग्याला हात लावत नसे. त्या दिवशी मात्र गोपालनं माइक त्याच्याच हातात दिला, कारण बाहेर जायला गोपालचे पाय तयार नव्हते.

"दोनशे एकेचाळीस," नौशादनं वाचलं, "लालीबाई."

टोपीवाल्याचं नाव यादीत निघालं, पण दोनशे साठवर. एवढा जवळचा नंबर असून खोटं कशाला बोललास, असं त्याला कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "यादीच नव्हती येत, तं काय सांगू?" ट्रॅक्टरवाल्याचं नाव आजच्या सत्तरांत नव्हतंच, तो चारशे अकराच होता. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं ट्रॅक्टर सुरू केला आणि मागं घेतला.

"हळू घे," लालीबाई म्हणाली, "चढतीच्या पायऱ्या हायेत आता."

मग ती गाडीवरून उतरली आणि बैल जुंपू लागली. दहा वाजून तीन मिनिटांनी तिची गाडी काट्यावर चढली.

आत घनश्यामजी रकाने आखलेली वही मिटून बसले होते. शाबासकी द्यायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी चहा सांगितला, आणि सांगताना गोपालचाही धरला. गोपालपुरता तेवढा निकाल पुरेसा होता.

"एक पान खराब झालं हिचं," वहीवर बोट ठेवून ते म्हणाले.

"मले द्या ती," नौशाद म्हणाला.

"तू काय करशीन?"

नौशादनं आखलेल्या रकान्यांच्या वरच लिहायला सुरुवात केली. तारीख, कोणी, काय बदललं, काहून. पहिली नोंद त्यानं स्वतःची केली, तीन वर्षं उशिरानं. कुठली फाइल, कुठल्या दोन ओळी, आणि त्या डबीसाठी आहेत हे. मग वही गोपालपुढं सरकवली. गोपालनं बराच वेळ पेन हातात धरून ठेवला. शेवटी लिहिलं, "अपडेट केले. विचारले असता नवे म्हटले. डबी लावून पाहिले नाही." खाली सही.

बेबीताईंनी ती नोंद वाचली आणि विचारलं, "मंग हेबी वही रोज घरी न्यायची का?"

"वहीच हाय ना," घनश्यामजी म्हणाले. "वही घरी जाते."

त्या हंगामात रांग सहाशे अठ्ठेचाळीसच्याही पुढं गेली आणि मार्चमध्ये शेवटचं नाव वाचून संपली. नवे नंबर टाकायची वेळ आली नाही. कापसाचं मात्र त्या साली ना बरं झालं, ना पुढच्या साली. रांग सरळ राहिली म्हणून बोंडं जास्त लागत नाहीत. पण ज्याचा नंबर त्याचीच गाडी काट्यावर जाते, हे तालुक्यात कळलं. पुढच्या दिवाळीआधी आणखी दोन जिनिंगनी नौशादला बोलावणं पाठवलं. दोन्हीकडं त्यानं कॉम्प्युटर उघडण्याआधी एक कोरी वही मागून घेतली. सरदारांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की वही हरवते, झाकण हरवत नाही. म्हणून नौशादनं त्या दोन ओळी जिनिंगच्या सर्व्हरच्या झाकणाला आतूनही लिहून टाकल्या, बापाच्या दुकानातल्या हिरव्या ऑइल पेंटनं.

दोन वर्षांनी जिनिंगनं जुना कॉम्प्युटर काढून नवा घेतला. नौशाद त्या आठवड्यात वणीला कामावर होता. गोपालनं सांगितलं की तुम्ही येईपर्यंत थांबतो, पण परतल्यावर नौशाद तिथं गेला तर नवा सर्व्हर चालू, डबी जागेवर आणि यादी फाटकावर. त्यानं बेबीताईंकडून वही मागून घेतली. नोंद गोपालच्या अक्षरात होती, नव्या सर्व्हरमध्ये उतरवलेल्या त्या दोन ओळींसकट पाऊण पान भरून, आणि शेवटची ओळ अशी होती: "अपडेट डबी लावून केले. जुने ठेवू की नवे, असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा आधी वही वाचली."